जोतिबा : नावाचा अर्थ, परंपरा आणि आध्यात्मिक महत्त्व

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, पन्हाळा तालुक्यात वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. या डोंगरावरील दैवताला भाविक जोतिबा, केदारनाथ, केदारलिंग, रवळनाथ अशा अनेक नावांनी ओळखतात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत गुलालाच्या उधळणीत जो गजर होतो, तो 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' असा. या गजरात देवाकडे काही मागितलेले नाही. त्याच्या नावाने सर्वांचे भले होवो, एवढेच म्हटलेले आहे. 'चांग' आणि 'भलं' हे दोन्ही शब्द चांगले या एकाच अर्थाचे आहेत. 'चांग' हा जुन्या मराठीतील शब्द असून तो चांगदेव या नावातही आढळतो. म्हणजे भक्तांच्या दृष्टीने देवाइतकेच त्याचे नावही कल्याणकारी आहे. म्हणूनच हे नाव डोंगरावर न राहता पाळण्यात आले आणि दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी ते आपल्या मुलांना दिले.

आज शहरी कुटुंबांत जोतिबा हे नाव क्वचितच ठेवले जाते. त्याऐवजी केदार, ज्योतिरादित्य अशी नावे पसंत केली जातात. मात्र ही सारी नावे एकाच कुळातील आहेत. त्यांचा अर्थ, त्यांचा इतिहास आणि त्यांत दडलेला मानाचा प्रश्न समजून घेतला, तर आपण मुलाला नेमके काय देत आहोत हे आई-वडिलांना उमगते.

नावाचा शब्दार्थ

जोतिबा या नावात दोन घटक आहेत. पहिला 'ज्योती', म्हणजे प्रकाश, तेज, दिव्याची शिखा. संस्कृतातील मूळ शब्द 'ज्योतिस्' असा असून तो चमकणे, प्रकाशणे या अर्थाच्या धातूपासून बनला आहे. ज्योतिष, ज्योतिर्लिंग, ज्योत्स्ना हे शब्द याच मुळाचे. दुसरा घटक 'बा', म्हणजे बाप, वडीलधारा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा या देवांच्या नावांत आणि ज्ञानोबा, तुकोबा या संतांच्या नावांत हाच 'बा' आहे. मराठी माणसाने देवाशी जे नाते जोडले, ते या एका अक्षरात दिसते. तेज हे मूळचे दूरचे, डोळे दिपवणारे. त्याला 'बा' जोडला की ते घरातल्या वडिलांसारखे जवळचे होते. 'प्रकाशरूप पिता' हा जोतिबा या नावाचा सरळ अर्थ होय.

मराठीत 'जोत' असा आणखी एक शब्द आहे. बैलाच्या मानेभोवतीचा पट्टा आणि त्यावरून नांगराला जुंपलेली बैलजोडी, असे त्याचे अर्थ. हा शब्द संस्कृत 'योक्त्र' या शब्दापासून आला असल्याने त्याची व्युत्पत्ती वेगळी आहे आणि देवाच्या नावाशी तिचा संबंध जोडता येत नाही. तरीही जोतिबाचा भक्तवर्ग प्रामुख्याने शेतकरी असल्यामुळे दिव्याची जोत आणि बैलांचे जोत हे दोन्ही शब्द त्याच्या नित्याच्या बोलण्यात शेजारी शेजारी राहिले.

डोंगर, दैवत आणि कथा

वाडी रत्नागिरीचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट उंच आहे. पुराणकथेनुसार करवीर क्षेत्रात असुरांचा उपद्रव वाढला, तेव्हा महालक्ष्मीच्या साहाय्यासाठी हिमालयातील केदारनाथ दक्षिणेत आले. त्यांनी रत्नासुराचा वध केला आणि त्या असुराच्या नावावरून डोंगराला रत्नागिरी हे नाव मिळाले. पौगंड ऋषी आणि त्यांची पत्नी विमलांबुजा यांच्या तपश्चर्येने प्रसन्न होऊन केदारनाथ त्यांच्यापुढे बालरूपाने प्रकटले, असेही सांगितले जाते. 'केदारविजय' या मराठी ग्रंथात या दैवताचे चरित्र आले आहे. जोतिबा हे ब्रह्मा, विष्णू, महेश आणि जमदग्नी यांच्या तेजाचे एकत्रित रूप आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. अनेक तेजे एकवटून झालेली एक ज्योत, असा नावाचा अर्थ या श्रद्धेतून अधिक खुलतो.

या परिसरातील दैवतांच्या नावांत हाकेला मोठे स्थान आहे. डोंगरावर यमाईचे मंदिर असून यात्रेच्या दिवशी जोतिबाची पालखी सासनकाठ्यांसह तेथे जाते. साताऱ्याच्या औंध येथील मूळपीठाच्या देवीला जोतिबाने 'ये माई' अशी हाक मारली आणि त्या हाकेवरून यमाई हे नाव रूढ झाले, असे लोककथा सांगते. भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मान्य करील असे नाही. पण नाव हाकेतून जन्मते, ही लोकमानसातील समजूत तीत स्पष्ट दिसते.

मंदिराचा इतिहास कथांपेक्षा अधिक ठोस आहे. कऱ्हाडजवळच्या किवळ गावातील नावजी या भक्ताने येथे मूळ देऊळ बांधले, अशी परंपरा आहे. सध्याचे केदारलिंगाचे मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये उभारले. प्रीतिराव हिम्मतबहादूर चव्हाण यांनी १७५० मध्ये चोपडाईचे मंदिर बांधले. रामलिंगाचे मंदिर १७८० मधील, तर केदारेश्वराचे मंदिर दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये बांधलेले आहे. देवाची सेवा गुरव समाजाकडे आहे. रविवार हा देवाचा वार. माघ महिन्यात सुरू होणाऱ्या पाच रविवारच्या खेट्यांना कोल्हापूरकर पायी डोंगर चढतात. चैत्र यात्रेत कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांबरोबरच सीमेपलीकडील बेळगाव भागातूनही भाविक येतात. सासनकाठ्यांमध्ये पहिला मान सातारा जिल्ह्यातील निनाम पाडळीच्या काठीचा असतो. गुलाल, खोबरे आणि सुगंधी दवणा देवाला वाहिला जातो. सूर्याचा वार आणि ज्योतीचा देव यांची सांगड भक्तांना स्वाभाविक वाटते.

केदार : शेत आणि ज्योतिर्लिंग

जोतिबाचे दुसरे प्रसिद्ध नाव केदार. आजच्या नामावलीत हे नाव लोकप्रिय असून त्याचा अर्थ बहुधा 'शंकर' एवढाच दिला जातो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. संस्कृतात 'केदार' या शब्दाचा मूळ अर्थ शेत असा आहे. विशेषतः बांध घालून पाणी धरून ठेवलेले शेत, भाताचे खाचर किंवा झाडाभोवतीचे आळे यांना केदार म्हणतात. अमरकोशात हा शब्द शेतवाचक शब्दांच्या ओळीत आला असून पाणिनीच्या व्याकरणातही त्याची दखल आहे. उत्तराखंडातील केदारनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. त्यामुळे केदार आणि ज्योती हे दोन शब्द तेथे पूर्वीपासूनच एकत्र आले होते. दक्षिणेत येताना ते एकाच देवाची दोन नावे बनले.

केदार म्हणजे शेत आणि जोती म्हणजे प्रकाश. पावसाची वाट पाहणाऱ्या कुणब्याला याहून जवळचा देव कोणता असणार? पंचगंगेच्या खोऱ्यात भात आणि ऊस पिकवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाणी धरणारे खाचर आणि त्यावर पडणारे ऊन यांतच वर्षाचे भले-बुरे सामावलेले असते. केदार हे नाव शहरात वाढणाऱ्या मुलाला दिले जाते, तेव्हा नकळत त्याच्या नावात एक पाणथळ शेत येते. आई-वडिलांनी मुलाला हे सांगितले पाहिजे.

संगीतप्रेमींना केदार हे नाव आणखी एका कारणाने परिचित आहे. कल्याण थाटातील केदार हा रात्रीच्या वेळी गायला जाणारा प्रसिद्ध राग आहे. उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या वास्तव्यामुळे जयपूर-अत्रौली गायकीचे माहेरघर झालेल्या कोल्हापुरात या नावाला तोही एक संदर्भ लाभतो.

शिंदे घराण्यातील नावे

कुलदैवताचे नाव मुलाला देण्याची रीत सरदारांच्या वाड्यांतही होती. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडच्या शिंदे घराण्याचे कुलदैवत जोतिबा. डोंगरावर मंदिर उभारणाऱ्या राणोजी शिंदे यांच्या एका पुत्राचे नाव जोतिबा होते, तर त्यांच्या एका नातवाचे नाव केदारजी. एकाच घराण्यात, एका पिढीच्या अंतराने, देवाची दोन्ही नावे अशी माणसांना मिळाली. शाहू महाराज मोगलांच्या कैदेत असताना त्यांच्या सोबत राहिलेले जोत्याजी केसरकर यांच्या नावातही हेच दैवत आहे.

शिंदे घराण्यात ही परंपरा विसाव्या शतकापर्यंत चालत आली. १९७१ मध्ये जन्मलेल्या ज्योतिरादित्य शिंदे यांच्या नावाची फोड 'ज्योतिस्' अधिक 'आदित्य' अशी होते. ज्योती म्हणजे प्रकाश आणि आदित्य म्हणजे सूर्य. कुलदैवताचे मराठमोळे नाव येथे संस्कृत संधीच्या पोशाखात आले आहे. मूळ ओळख कायम ठेवून नाव काळाप्रमाणे कसे बदलते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

फुले यांचे नाव

या नावाला सर्वांत मोठी कीर्ती मात्र ना सरदारामुळे मिळाली, ना राजामुळे. ११ एप्रिल १८२७ रोजी गोविंदराव आणि चिमणाबाई यांच्या पोटी मुलगा जन्मला. हे माळी कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. त्या दिवशी चैत्र पौर्णिमा, म्हणजेच जोतिबाच्या यात्रेचा दिवस होता. त्यावरून मुलाचे नाव जोती ठेवण्यात आले, असे चरित्रकार सांगतात. पुढे हेच जोतीराव गोविंदराव फुले झाले. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि ११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली.

या नावाचे मोल समजण्यासाठी नामकरणाविषयीचे जुने शास्त्र लक्षात घ्यावे लागते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वर्णानुसार नावे सांगितली आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक असावे आणि शूद्राचे नाव हीनता दाखवणारे असावे, असा तो दंडक. म्हणजे माणसाची पायरी त्याच्या हाकेतच ठरवून टाकण्याची ही व्यवस्था होती. लोकव्यवहाराने तिला निमूटपणे मान तुकवली नाही. शेतकरी, माळी, धनगर, कारागीर यांनी आपल्या मुलांना थेट देवाची नावे दिली. विठोबा, खंडू, जोती, भैरू ही नावे वरवर साधी दिसतात, पण प्रत्येक नावात एक देव उभा आहे. ज्याला शास्त्र प्रकाशाचे नाव देऊ इच्छित नव्हते, त्याला आईबापांनी 'जोती' म्हणून हाक मारली. त्या मुलाने पुढे ज्ञानाचा दिवा शूद्रातिशूद्रांच्या आणि स्त्रियांच्या घरी नेला, हे नाव सार्थ झाल्याचे इतिहासातील दुर्मीळ उदाहरण आहे.

येथे दगडू, धोंडू, केरू, भिकू या नावांविषयी होणारा गैरसमजही दूर करायला हवा. ती सरसकट हीनतेची नावे नव्हेत. आधीची मुले दगावलेल्या घरात, नव्या बाळावर दृष्ट किंवा मृत्यूची नजर पडू नये म्हणून मुद्दाम तुच्छ वस्तूचे नाव ठेवले जाई. त्यामागे अवहेलना नव्हे, तर पोटच्या गोळ्याला जपण्याची धडपड होती.

फुले यांनी आपल्या नावाच्या देवाकडे स्वतंत्र दृष्टीने पाहिले, हेही नोंदवले पाहिजे. 'गुलामगिरी' या १८७३ मधील ग्रंथात त्यांनी खंडोबा, म्हसोबा, जोतिबा अशा लोकदैवतांचा अर्थ बळीराजाच्या राज्यव्यवस्थेच्या संदर्भात लावला. त्यांच्या मते हे देव म्हणजे बळीच्या राज्यातील अधिकारी पुरुष होते. भाविकाला हा अर्थ पटेल किंवा पटणार नाही. पण ज्या देवाचे नाव आपण लावतो तो कष्टकऱ्यांच्या न्यायी राजाचा माणूस असला पाहिजे, हा त्यामागील आग्रह ध्यानात घेण्याजोगा आहे.

१९११ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात सत्यशोधक समाजाचे कार्य नव्याने सुरू झाले. ज्या डोंगरावरून जोती हे नाव निघाले, त्याच्या पायथ्याशी ते विचारांच्या रूपाने परत आले.

'जो' की 'ज्यो'?

फुले यांच्या नावाचे लेखन जोतीराव, जोतिराव, ज्योतिबा, ज्योतिराव अशा अनेक प्रकारांनी होते. त्यांच्या ग्रंथांवर मात्र जोतीराव गोविंदराव फुले असे नाव आढळते. म्हणून अनेक अभ्यासक 'जोतीराव' हेच रूप वापरण्याचा आग्रह धरतात. देवाच्या नावाचेही तसेच आहे. बोलण्यात जोतिबा, तर पोथ्या-पुस्तकांत पुष्कळदा ज्योतिबा. यांपैकी 'ज्यो' शुद्ध आणि 'जो' अशुद्ध, अशी समजूत सुशिक्षित वर्गात दृढ झाली आहे.

भाषेच्या दृष्टीने ही समजूत टिकत नाही. संस्कृतातील 'ज्यो' मराठीत येताना 'जो' होणे हा ध्वनिबदल नियमाला धरूनच आहे. याचा सर्वांत परिचित दाखला म्हणजे जोशी हे आडनाव. ते 'ज्योतिषी' या शब्दापासून आले आहे. जोशी या आडनावाला कोणी अशुद्ध म्हणत नाही, किंवा ते बदलून ज्योतिषी करा असा सल्ला देत नाही. मग त्याच नियमाने झालेल्या जोती या नावालाच अशुद्धतेचा डाग का लागावा? येथे प्रश्न व्याकरणाचा उरत नाही. नाव कोणाच्या तोंडी होते, यावरून त्याची प्रतिष्ठा ठरवली गेली, हे त्याचे खरे उत्तर आहे. शाळेच्या दाखल्यावर ज्योतीराम आणि घरात जोती, अशी दुहेरी रीत अनेक कुटुंबांत दिसते तीही यातूनच. दोन्ही रूपे मराठीच आहेत. त्यांतील एकाला कमी लेखण्याचे कारण नाही.

नावाच्या प्रवासातील एक नोंद लक्षवेधी आहे. उत्तर भारतात फुले हे प्रामुख्याने 'ज्योतिबा' या नावाने ओळखले जातात. उत्तर प्रदेशातील बरेली येथील विद्यापीठाला १९९७ मध्ये महात्मा ज्योतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी स्थापन झालेला त्या राज्यातील एक जिल्हा २०१२ पर्यंत ज्योतिबा फुले नगर या नावाने ओळखला जात होता. आता त्याचे नाव अमरोहा आहे. हिमालयातील केदारनाथ दक्षिणेत येऊन जोतिबा झाले, अशी कथा आहे. तोच मराठी 'बा' पुढे एका माणसाच्या नावासोबत गंगेच्या खोऱ्यापर्यंत पोहोचला, हा मात्र इतिहास आहे.

आध्यात्मिक अर्थ

बृहदारण्यक उपनिषदात जनक राजा आणि याज्ञवल्क्य यांचा एक संवाद आहे. मनुष्य कोणत्या प्रकाशाच्या आधारे वावरतो, असे जनक विचारतो. सूर्याच्या, असे उत्तर मिळते. सूर्य मावळल्यावर? चंद्राच्या. चंद्रही मावळल्यावर? अग्नीच्या. अग्नीही विझल्यावर? वाणीच्या, असे याज्ञवल्क्य सांगतात. गडद अंधारात स्वतःचा हातही दिसत नाही, तेव्हा माणूस आवाजाच्या दिशेने चालत जातो. आणि वाणीही थांबल्यावर आत्मा हाच प्रकाश उरतो.

या उत्तरात वाणीला प्रकाश म्हटले आहे. नामकरणाचे आध्यात्मिक महत्त्व सांगणारे याहून समर्पक वचन शोधूनही सापडणे कठीण. अंधारात हरवलेल्या मुलाला आई नावाने हाक मारते आणि मूल त्या आवाजाच्या आधाराने घरी येते. त्या अर्थी प्रत्येक नाव ही एक ज्योतच आहे. जोती या नावात हा अर्थ आपोआप प्रकट होतो, इतकेच.

केदार या नावाला भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायाचा आधार देता येतो. तेथे शरीराला क्षेत्र, म्हणजे शेत म्हटले आहे आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. एकच सूर्य जसा सारे जग उजळतो, तसा क्षेत्रज्ञ सारे क्षेत्र उजळतो, असा दृष्टांत त्या अध्यायाच्या शेवटाकडे येतो. या दृष्टीने पाहिल्यास केदार म्हणजे उजळले जाणारे शेत आणि जोती म्हणजे त्याला उजळणारा प्रकाश, असा अर्थ लावता येतो. एकाच देवाला ही दोन्ही नावे असणे, हे देह आणि आत्मा यांच्या साहचर्याचे सुंदर प्रतीक ठरते.

मुलाला देवाचे नाव देण्यामागे नामस्मरणाचाही विचार आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा सर्वपरिचित आहे. मरणसमयी त्याने आपल्या धाकट्या मुलाला, नारायणाला हाक मारली आणि त्या नामोच्चाराने तो तरला. दिवसभर कामाच्या धबडग्यात ज्यांना जपमाळ हातात धरायला उसंत नाही, त्यांनी मुलाला हाक मारता मारता देवाचे नाव घ्यावे, ही सोय परंपरेने केली. खोडकर मुलाला रागावून मारलेली हाकसुद्धा त्यामुळे नामस्मरणात जमा होते.

बारसे आणि नामाक्षर

सोळा संस्कारांपैकी नामकरण हा जन्मानंतरचा एक महत्त्वाचा संस्कार. मराठी घरांत तो साधारणतः बाराव्या दिवशी बारशाच्या रूपाने होतो. पाळण्याखालून-वरून बाळ घेण्या-देण्याचा विधी, पाळणा म्हणणाऱ्या सुवासिनी, घुगऱ्यांचे वाटप आणि बाळाच्या कानात आत्याने 'कुर्रर्र' करून सांगितलेले नाव, हे सारे त्याचे घटक. नाव प्रथम मोठ्याने जाहीर होत नाही. ते आधी बाळाच्या कानात सांगितले जाते आणि मग सभेला. ज्याचे नाव त्याला ते सर्वांआधी कळावे, हा या रीतीतला जिव्हाळा आहे.

जन्मनक्षत्राच्या चरणावरून नामाक्षर काढण्याची पद्धत पाळणाऱ्यांसाठी पंचांगातील अवकहडा चक्रात अक्षरे दिलेली असतात. त्यानुसार 'के' हे अक्षर पुनर्वसू नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे असून ते मिथुन राशीत येते. 'जो' हे अक्षर अभिजित नक्षत्रात गणले जाते आणि ते मकर राशीत येते. मात्र कुलदैवताचे नाव ठेवताना नक्षत्राचे अक्षर जुळले पाहिजे, असा आग्रह अनेक घरांत धरला जात नाही. नक्षत्रनाव पत्रिकेत आणि व्यवहारातील नाव वेगळे, अशी रीत सर्वत्र रूढ आहे.

व्यवहाराची एक बाजूही महत्त्वाची आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ नुसार जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्या वेळी नाव ठरलेले नसेल, तर ते नंतर नोंदवता येते. नाव लिहिताना देवनागरी आणि इंग्रजी लेखन सर्व कागदपत्रांवर एकसारखे राहील, याची काळजी घ्यावी. जोती, ज्योती, जोतिबा, ज्योतिबा अशी रूपे असलेल्या नावाच्या बाबतीत ही खबरदारी विशेष आवश्यक ठरते.

नावाची रूपे

जोतिबा : प्रकाशरूप पिता. देवाचे मूळ लोकनाम.

जोती : प्रकाश, दिव्याची शिखा. घरगुती हाक आणि स्वतंत्र पुरुषनामही.

जोतीराव : जोती या नावाला 'राव' हे आदरवाचक पद जोडून झालेले रूप.

जोत्याजी : 'जी' हे आदरार्थी पद लागलेले जुने रूप. शिवोत्तर काळातील नावांत आढळते.

ज्योतीराम : प्रकाशरूप राम. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात रूढ.

ज्योतिरादित्य : प्रकाशमान सूर्य.

केदार : पाण्याने भरलेले शेत; शंकर; एक राग.

केदारनाथ : केदाराचा स्वामी, शंकर.

रवळनाथ, रवळू : आजरा, गडहिंग्लज, कोकण या भागांत रवळनाथाच्या भक्तीमुळे प्रचलित.

ज्योती, ज्योत्स्ना : मुलींसाठी. ज्योती म्हणजे प्रकाश आणि ज्योत्स्ना म्हणजे चांदणे. विसाव्या शतकात ज्योती हे मुलींचे नाव म्हणून इतके रूढ झाले, की ते मूळचे पुरुषदैवताच्या नावातही आहे, याचा विसर पडला.

नाव निवडताना

२०२० मध्ये सुरू झालेल्या 'दख्खनचा राजा जोतिबा' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे हे दैवत महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. तरीही मुलाचे नाव जोतिबा ठेवायला शहरी पालक कचरतात. नाव जुने वाटेल, वर्गात मुले हसतील, अशी भीती त्यामागे असते. ती अगदीच अनाठायी नाही, कारण नाव मुलाला आयुष्यभर वागवायचे असते. पण जुने आणि हलके यांत फरक आहे. जे नाव देवाचे, सरदाराचे आणि महात्म्याचे झाले, ते हलके असू शकत नाही.

ज्यांना ते थेट ठेवायचे नसेल, त्यांच्यासाठी केदार, ज्योतिरादित्य किंवा ज्योती ही रूपे आहेतच. कोणतेही रूप निवडले तरी त्यामागील गोष्ट मुलाला सांगावी. तुझ्या नावात शेत आहे आणि त्यावर पडणारा प्रकाशही आहे, हे त्याला कळावे. ज्या काळी प्रकाशाचे नाव घेण्याचा अधिकारही सर्वांना नव्हता, त्या काळी कोणीतरी आपल्या मुलाला जोती म्हणून हाक मारली होती, हेही कळावे. त्यानंतर ते मूल चैत्र पौर्णिमेला डोंगरावरचा गजर ऐकेल, तेव्हा 'नावानं चांगभलं' या शब्दांत आपलेही नाव आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.